सुट्टी सिगारेट, सतरा वर्षांचा मुलगा आणि शंभर यार्डांचा नियम

पत्र:

ताई नमस्कार. आम्ही अंबाजोगाईचे. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावी सायन्सला, नीटच्या तयारीसाठी लातूरला रूम करून राहतो. गणपतीत घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत लायटर सापडलं. आधी म्हणाला मित्राचंय, मग रडायला लागला आणि सांगितलं की दिवसाला तीन-चार होतात, क्लास सुटला की सगळेच टपरीवर जातात. त्याच्या पप्पांनी खूप आरडाओरडा केला, एक थोबाडीत पण मारली. त्यावर तो म्हणाला तुम्ही रोज तंबाखू मळता त्याचं काय. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू आहे. पाकिटावर एवढे भयंकर फोटो, पिक्चरमध्ये सूचना, शाळेजवळ विकायला बंदी, अठराच्या खाली द्यायची नाही, सरकारने एवढं सगळं केलंय तर माझ्या मुलाला रोज सिगारेट मिळते कशी? हे कायदे नुसते कागदावरच आहेत का? आणि जानेवारीत तो अठराचा होतोय, मग तर कायद्यानेच मोकळा. मी काय करू? — एक आई

उत्तर:

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी एक सांगते, मुलगा रडला आणि खरं बोलला ही फार मोलाची गोष्ट आहे, ती हातची जाऊ देऊ नका. कितीतरी घरांत आईवडलांना हे पोरगं पंचविशीत गेल्यावर कळतं, तोवर पाकीट दिवसाला एक झालेलं असतं. तुम्हाला तीन-चारवर असताना कळलंय आणि त्याच्याच तोंडून कळलंय. थोबाडीत बसली ते वाईट झालं, पण त्याने सांगितलं म्हणून त्याला शिक्षा झाली असं त्याच्या मनात बसायच्या आत तुम्ही त्याला एक फोन करा, सिगारेटचा विषय न काढता, जेवलास का, मेसमध्ये काय होतं, टेस्ट कशी गेली, एवढंच. बाकीचं मी पुढे सांगतेच.

आता तुमचा खरा प्रश्न, कायदे कागदावरच आहेत का. नाही ताई, तसं नाहीये, आणि हे मी मनापासून सांगते कारण कायद्याने काही होत नाही असं एकदा आपण सगळ्यांनी ठरवलं की मग टपरीवाल्याला विचारणारं कोणीच उरत नाही. देशभरातल्या शाळांमध्ये १३ ते १५ वयाच्या मुलांची एक मोठी पाहणी होते, त्यात २००९ मध्ये १४.६ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती, २०१९ मध्ये तो आकडा ८.५ वर आला. मोठ्यांची जी पाहणी झाली, २००९-१० ला एक आणि २०१६-१७ ला दुसरी, त्यात १५ ते २४ वयातलं प्रमाण १८.४ वरून १२.४ टक्क्यांवर उतरलं. म्हणजे पोरं कमी झालीत. तुमचा मुलगा ज्या गर्दीत टपरीवर उभा असतो ती गर्दी बघून तुम्हाला वाटेल सगळेच ओढतात, त्यालाही तसंच वाटत असणार, पण त्याच्या वयाची बहुतेक मुलं ओढत नाहीत, आणि हे त्याला माहीत असणं फार गरजेचं आहे कारण "सगळेच ओढतात" यावरच तर पहिली सिगारेट पेटते.

तुम्ही-मी लहान होतो तेव्हा एसटीत, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर, सरकारी ऑफिसात साहेबाच्या टेबलावर, सगळीकडे माणसं बिनधास्त ओढायची आणि लहान पोरं त्या धुरात बसायची. मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये कोर्टाने सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी घातली, २००३ मध्ये तंबाखूचा कायदा आला ज्याला सगळे कोटपा म्हणतात, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांचे कडक नियम लागू झाले. आज एसटीत कोणी सिगारेट पेटवली तर कंडक्टरच्या आधी शेजारची बाई ओरडते. हा बदल आपोआप झालेला नाही, कायद्याने झालाय, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा लहान पोरांना झाला कारण मोठी माणसं सगळीकडे ओढताना दिसत नाहीत तेव्हा ओढणं म्हणजे नेहमीचीच गोष्ट असं पोरांना वाटत नाही.

पाकिटावरच्या फोटोंचं पण तसंच. लोक म्हणतात फोटो बघून कोण सोडतं, पण मोठ्यांच्या त्याच पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांना विचारलं होतं की इशारा बघून सोडायचा विचार मनात आला का, तर २००९-१० ला ३८ टक्के हो म्हणाले होते आणि २०१६-१७ ला जवळपास ६२ टक्के. मधल्या काळात काय झालं तर १ एप्रिल २०१६ पासून फोटो पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आला. आणि हा नियम खरं तर एक वर्ष आधीच, एप्रिल २०१५ लाच यायचा होता, तो अडला. तो नियम तपासणाऱ्या संसदेच्या समितीचे अध्यक्ष आपल्याच नगरचे खासदार दिलीप गांधी होते आणि त्यांनी तेव्हा म्हटलं होतं की तंबाखूने कॅन्सर होतो असं दाखवणारा भारतातला अभ्यासच नाही. मार्च २०१५ संपत आला होता, आणि १६ फेब्रुवारीलाच आपले आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने गेले होते, राज्याचा गृहमंत्री राहिलेला माणूस, त्यांची तंबाखूची सवय सगळ्या महाराष्ट्राला माहीत होती. दीड महिनाही झाला नव्हता हो. हे आठवलं की मला अजून त्रास होतो. त्या एका वर्षात किती पोरांनी पहिलं पाकीट हातात घेतलं असेल.

मग एवढं सगळं असून तुमच्या मुलाला रोज मिळते कशी? सुट्टी, म्हणजे पाकिटातून एकेक काढून, मिळते म्हणून. सगळं पाणी तिथे मुरतं, आणि बहुतेक आईवडलांना हे माहीतच नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमचा मुलगा पाकीट विकत घेत नाही. अख्खं पाकीट घ्यायचं तर एकदम शे-दोनशे किंवा त्याहून जास्त लागतात, महिन्याला घरून ठरलेले पैसे येणाऱ्या पोराला ते परवडत नाही आणि ठेवणार कुठे, रूमवर काकू साफसफाईला येतात, घरी आलं तर बॅग आई तपासते. तो टपरीवर जातो, वीसच्या आत-बाहेर काहीतरी देतो, डब्यातली एक काढून मिळते, तिथेच दोरीला बांधलेल्या लायटरने पेटवतो, वर एक चहा घेतो आणि तोंडात बडीशेप टाकून पुढे. या सगळ्यात त्याला पाकीट दिसलंच नाही. ८५ टक्के फोटो, खाली लिहिलेला सोडण्यासाठीच्या मदतीचा फोन नंबर, छापलेली किंमत, सरकारने जे जे काही पाकिटावर टाकलंय ते टपरीवाल्याच्या गल्ल्याशेजारी पडून राहतं आणि पोराच्या हातात येते ती नुसती पांढरी कांडी. कॅनडाने तर याच्यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये प्रत्येक कांडीवर इशारा छापायचा नियम केला, जगात पहिल्यांदा. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगारेट आणि सुट्टी बिडी विकायलाच बंदी घातली. हो ताई, बंदी आहे. लातुरात, अंबाजोगाईत, मुंबईत, कुठेही सुट्टी विकता येत नाही. नियम चांगला होता, अगदी बरोबर ठिकाणी हात घातला होता, पण तो राबवायला रोज कोणीतरी टपऱ्यांवर फिरायला पाहिजे होतं ते झालं नाही. कोरोनाचे दिवस होते, पोलीस आणि आरोग्य खातं दुसरीकडे गुंतलेलं होतं, आणि नंतर कोणी परत त्याच्याकडे फारसं बघितलंच नाही.

सुट्टी विक्रीने टॅक्सची पण धार जाते. सिगारेट महाग करणं हा पोरांना लांब ठेवायचा सगळ्यात जोरदार उपाय मानतात, जागतिक आरोग्य संघटनेचा आडाखा असा की आपल्यासारख्या देशांत किंमत १० टक्के वाढली की खप साधारण ५ टक्के उतरतो आणि पोरांमध्ये त्याहून बराच जास्त, कारण त्यांच्या खिशात पैसे कमी असतात आणि सवय अजून मुरलेली नसते. पण पाकीट वीस-तीस रुपयांनी महागलं तरी सुट्टीला दोन-तीन रुपयेच वाढतात, ते पोराला जाणवतही नाहीत, चहातून एक बिस्कीट कमी केलं की भागलं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर २८ टक्के आणि वर सेस म्हणजे जादा कर लागला, बिडीवर सेस लागलाच नाही, आणि पुढची काही वर्षं टॅक्स फारसा हललाही नाही, म्हणजे लोकांच्या हातात पैसा वाढत गेला आणि सिगारेट जागेवरच राहिली. आता २०२६ च्या फेब्रुवारीपासून सिगारेटवर जीएसटी ४० टक्के झालाय आणि वर लांबीप्रमाणे एक्साइज लागते, हे चांगलं झालं असं मला वाटतं, पण बिडीला १८ टक्केच ठेवलाय. गरिबाच्या पोराची छाती काय वेगळी असते का? आणि सरकारचे हात याच्यात पूर्ण स्वच्छ पण नाहीत, आपल्या एलआयसीकडे देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीचे जवळपास १५ टक्के शेअर आहेत, तुमच्या-माझ्या पॉलिसीचे पैसे तिथे आहेत, हे पण माहीत असू द्या.

आता शंभर यार्डांचा नियम. शाळा-कॉलेजच्या कंपाउंडच्या बाहेरच्या भिंतीपासून चारी बाजूंना १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, तेवढ्यात तंबाखूचं काहीही विकायचं नाही. संस्थेने तसा बोर्ड गेटवर लावायला पाहिजे. पण लातूरच्या बाबतीत एक अडचण आहे आणि ती तुम्ही समजून घ्या म्हणजे कोणी तुम्हाला टोलवणार नाही. नियमात शैक्षणिक संस्था म्हणजे शाळा, कॉलेज आणि मान्यता असलेल्या उच्च शिक्षणाच्या संस्था असं धरलंय. प्रायव्हेट क्लास त्यात बसतो का यावर टपरीवाला किंवा अजून कोणी वाद घालू शकतो. आणि नीट-जेईईची पोरं कॉलेजात कमी आणि क्लासमध्ये जास्त असतात, म्हणजे कायद्याने गोल आखलाय कॉलेजभोवती आणि पोरांची गर्दी क्लासभोवती. कायदा लिहिला तेव्हा पोरं दिवसाचे दहा-दहा तास क्लासच्या गल्लीत काढतील असं कोणाला वाटलं नसेल, आता तो गोल क्लासभोवती पण स्पष्ट शब्दांत आखायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पण तुमचं याच्यावाचून अडत नाही. अठराच्या खालच्या मुलाला तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकायचा नाही या नियमाला यार्ड नाहीत, मीटर नाहीत, तो सगळीकडे लागू आहे. टपरीवर तसा बोर्ड पाहिजे, आणि समोरचा मुलगा लहान वाटला तर वयाची खात्री करायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, मुलाची नाही. कोटपात याचा दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे, त्याने कोणी घाबरत नाही हे खरंय. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आहे, त्यात मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे बहुतेक टपरीवाल्यांना माहीत नसतं आणि बऱ्याच आईवडलांना पण नसतं.

तेव्हा तुम्ही असं करा. तुमच्या मुलाचं नाव कुठेही न आणता (हे महत्त्वाचं आहे, नाहीतर तो मित्रांत तोंड दाखवू शकणार नाही आणि परत तुम्हाला कधी काही सांगणार नाही) क्लासच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तिथे विषय काढा. माझा मुलगा ओढतो असं लिहायचं नाही, क्लासखाली १८ च्या आतल्या पोरांना सुट्टी सिगारेट विकली जाते, आपण सगळ्यांनी मिळून क्लासला पत्र देऊया, असं लिहा. तुमच्यासारख्याच गप्प बसलेल्या चार-पाच आया तरी त्यात निघतील, मला खात्री आहे. क्लासवाले पालकांची फी घेतात, वीस पालकांनी सह्या करून पत्र दिलं तर ते टपरीवाल्याशी बोलतात, त्यांना पण नाव खराब व्हायला नकोय. त्याने नाही झालं तर पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या, कॉपीवर पोच घ्या, त्यात दोन्ही गोष्टी लिहा, १८ खालच्यांना विक्री आणि सुट्टी विक्री. लहान मुलांचा विषय आहे म्हणून १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर पण सांगता येतं. टपरीवाला पण पोटासाठी बसलाय, त्याची टपरी उठवा असं मी म्हणत नाहीये, चहा विक, बिस्किटं विक, मॅगी विक, पण पोरांना हे देऊ नको, एवढंच मागणं आहे, आणि काही टपरीवाले नीट सांगितलं की ऐकतात पण, त्यांना पण मुलं असतात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने मुक्तिपथ नावाचं काम २०१६ पासून चालवलंय, तिथे गावंच्या गावं बसून ठरवतात की आमच्या गावात दुकानात खर्रा-तंबाखू विकायचा नाही. कायदा सगळीकडे तोच आहे, तिथे फक्त माणसं त्याच्या मागे उभी राहिली.

जानेवारीचं टेन्शन तुम्ही लिहिलंय ते मला पूर्ण पटतं. मघाशी मोठ्यांची जी पाहणी सांगितली त्यातच दिसतं की १५ ते १७ वयात तंबाखूचं प्रमाण सात वर्षांत ५४ टक्क्यांनी उतरलं, ९.६ वरून ४.४ वर, पण १८ ते २४ मध्ये घट फक्त २८ टक्क्यांची. म्हणजे अठराच्या आत जे थोडंफार कुंपण आहे ते काम करतं आणि अठरा ओलांडले की कंपन्यांसाठी मैदान मोकळं. अमेरिकेने डिसेंबर २०१९ मध्ये वय २१ केलं ते याच्याचसाठी. मालदीवने तर नोव्हेंबर २०२५ पासून नियम केलाय की १ जानेवारी २००७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाच तंबाखू विकायचा नाही, कितीही मोठा झाला तरी. न्यूझीलंडने असाच कायदा २०२२ मध्ये केला होता आणि २०२४ मध्ये नवीन सरकारने तो लागू व्हायच्या आतच काढून टाकला. आपल्याकडे वय २१ करावं असं मला वाटतं, पण तोवर तुम्हाला जानेवारीच्या आतले हे महिने आहेत, ते वापरा. आत्ता सवय कच्ची आहे.

हो, अजून एक, मुलाला वेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल पण विचारा, सहज, पोलिसासारखं नाही. पेनासारखं, पेन ड्राइव्हसारखं दिसतं, फळांचा वास येतो आणि धुराचा वास नाही म्हणून आईला कळत नाही. देशात २०१९ च्या कायद्याने ते विकणं, आणणं, साठवणं, जाहिरात करणं सगळ्यावर बंदी आहे, तरी पोरं कुठूनतरी ऑनलाइन मागवतात. सिगारेट सोडायची म्हणून वेप घेतो असं म्हणाला तर नाही म्हणा, त्यात पण निकोटीनच असतं.

आता घरातलं. मला वाटतं तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे आणि ती तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मुलगा म्हणाला तुम्ही तंबाखू मळता त्याचं काय. ताई, तो उद्धट बोलला असेल पण खोटं बोलला नाही. महाराष्ट्रात खरं दुखणं सिगारेटपेक्षा तेच आहे, त्या २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या राज्यात ओढणारे ३.८ टक्के होते आणि न ओढता खाणारे, लावणारे, मळणारे २४.४ टक्के. गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे पण साधी तंबाखू, चुना, मावा, खर्रा, मिश्री हे घराघरात आहे आणि आपण त्याला व्यसन म्हणतच नाही, जेवण झालं की पप्पांची डबी निघते, चिमूट मळली जाते, दोन थापट्या, आणि लहानपणापासून पोरगंच दुकानातून पुडी आणून देतं. शाळकरी मुलांच्या २०१९ च्या पाहणीत चघळायची तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी दहावा वाढदिवस व्हायच्या आत सुरुवात केली होती. दहा वर्षांच्या आत! ती पोरं काही कॉलेजच्या टपरीवर जात नव्हती, ती घरात होती.

म्हणून तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या, किंवा हा लेखच वाचायला द्या. दादा, तुम्ही मारलंत ते काळजीने मारलंत हे मला कळतं, पण आता त्याला उपदेश करायचा अधिकार परत मिळवायचा असेल तर एकच मार्ग आहे, तुम्ही पण सोडायला सुरुवात करा आणि त्याला सांगा. मी सोडली असं नाही, सोडायचा प्रयत्न करतोय, मला पण जड जातंय, असं. वीस-पंचवीस वर्षांची सवय एका दिवसात जाणार नाही आणि ते त्याला दिसू द्या. बापाला तलफ येते, चिडचिड होते, तरी तो डबी उघडत नाही, हे बघून पोराला जेवढं कळेल तेवढं कुठल्याच पाकिटावरचा फोटो सांगू शकत नाही. शरद पवारांनी स्वतः कॅन्सर भोगलाय आणि आधीच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं ते जाहीरपणे बोलत आलेत. तुम्हाला तर सांगायला घरातलाच माणूस आहे. दोघांनी एकाच दिवशी सुरू केलं तर उत्तमच, रोज रात्री एक मेसेज, आज किती, बस्स. बोलणं पण त्यातूनच सुरू होईल.

मुलाशी बोलताना कॅन्सरची भीती फार दाखवू नका, सतरा वर्षांच्या पोराला पन्नाशीतला आजार खरा वाटत नाही. त्याला अभ्यासाचं सांगा, ते त्याला लगेच कळेल. तो म्हणेल सिगारेट ओढली की डोकं चालतं, कॉन्सन्ट्रेशन येतं. त्याला तसं खरंच वाटतं, खोटं नाही बोलत. निकोटीन झुरका मारल्यावर साधारण दहा सेकंदात मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं, पण तास-दोन तासांत ते उतरायला लागलं की बेचैनी येते, पुस्तकात लक्ष लागत नाही, मग परत एक ओढली की ती बेचैनी जाते आणि त्याला वाटतं सिगारेटने लक्ष लागलं. ज्याला सवयच नाही त्याला ती बेचैनी येतच नाही. आणि नीटचा पेपर तीन तास चालतो, मध्ये उठून टपरीवर जाता येत नाही, तर पेपरच्या दुसऱ्या तासात याचं डोकं बायोलॉजीत असेल की सिगारेटमध्ये? हा प्रश्न त्यालाच विचारा आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात खराब जातात, चिडचिड, झोप नाही, सारखी भूक, डोकं जड. मग हळूहळू दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. म्हणून टेस्ट सिरीजच्या आठवड्यात सुरू करायचं नाही, दिवाळीच्या सुट्टीत घरी असताना करायचं, टपरी लांब आणि आईच्या हातचं खायला. एकेक तलफ पाच-दहा मिनिटांची असते, तेवढा वेळ काढायचा, पाणी प्यायचं, गच्चीवर दोन चकरा, मित्राला फोन. परत लातूरला गेल्यावर क्लास सुटल्यानंतरची ती पंधरा मिनिटं खरी परीक्षा आहे, तेव्हा त्या ग्रुपमधल्या एकाला तरी त्याने आधीच सांगून ठेवावं की मी सोडलीये, मला देऊ नको. आणि एखाद दिवशी ओढली गेली तर सगळं फुकट गेलं असं समजायचं नाही, दुसऱ्या दिवसापासून परत चालू. तुम्ही पण त्या दिवशी त्याला बोलू नका.

सरकारची तंबाखू सोडण्याची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, हाच नंबर सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर छापतात, जो तुमच्या मुलाने सुट्टी घेतल्यामुळे कधी बघितलाच नसेल. तिथे समुपदेशक मराठीत पण बोलतात आणि नंतर स्वतःहून परत फोन करून चौकशी करतात. फोन त्याने स्वतः करायचा, तुम्ही त्याच्या वतीने नाही, मिस्टरांनी वेगळा करायचा. तरीही जमत नसेल तर तुमच्या अंबाजोगाईतच स्वामी रामानंद तीर्थ सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. मानसोपचार म्हटलं म्हणून लाजायचं काही नाही, व्यसन सोडवायचं काम तेच डॉक्टर करतात. मेडिकलमध्ये निकोटीनचं गम मिळतं पण तुमच्या मुलाचं वय १८ च्या खाली आहे, तेव्हा डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि पैशाचं, त्याचा महिन्याचा खर्च एकदम तोडू नका, मेसचे आणि रूमचे पैसे थेट तिकडे भरा आणि हातखर्चाला जरा कमी पाठवा, का कमी पाठवतोय हे त्याला सरळ सांगून. लपवून केलं तर तो मित्राकडून उसने घेईल.

दिवाळीनंतर मला परत लिहा. ग्रुपवर किती पालक पुढे आले, क्लासवाले काय म्हणाले, पोलिसांनी पोच दिली की नाही, सगळं लिहा. बाकीच्या वाचक पालकांपैकी कोणी लातूर, संभाजीनगर, नांदेड किंवा पुण्यात क्लासखालच्या टपऱ्यांबद्दल असं काही करून बघितलं असेल तर तुम्ही पण कळवा, कोणत्या अर्जाचा उपयोग झाला आणि कोणाचा नाही ते पुढच्या वेळी इथे सगळ्यांसाठी टाकते.